तुळया जाळायचा दिवस

टेम्पोवर ताडपत्री बांधायला राधेश्यामला पाच मिनिटं पुरतात. त्या दिवशी सकाळी मात्र तो अर्ध्या तासापासून टेम्पोभोवती घिरट्या घालत होता. गाठ मारायची, सोडायची, ताडपत्रीचं टोक उचलून आत बघायचं आणि पुन्हा टाकायचं. दुकानाच्या पायरीवर डब्यांच्या पिशव्या घेऊन उभी असलेली वंदना हे सगळं बघत होती. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. नवरा कधी खोटं बोलणार आहे हे तिला त्याच्या आधी कळायचं.

"अहो, लोखंडच आहे नं त्यात? एवढं काय झाकून राह्यले?"

"ऊन लागंल म्हणून."

"लोखंडाला?"

"तू बस बरं पुढं," राधेश्याम म्हणाला. "हसनाबादला दहाच्या आत पोचायचंय. कमिटी अकराला येऊन राह्यली."

वंदना बसली. टेम्पो अंबड चौफुलीवरून वळला, तसे सळयांनी भरलेले ट्रक एकामागून एक समोरून जायला लागले. सगळं जालना लोखंडावर चालतं, असं राधेश्याम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. अकरा वर्षांपूर्वी हेच वाक्य तो मस्तगड भागातल्या लाकडाच्या वखारीत, आपल्या वडलांच्या तोंडावर बोलला होता. "नाना, लाकडाचे दिवस गेले." पुंजारामनाना काही बोलले नव्हते. थोरला रामप्रसाद मात्र बोलला होता, आणि इतकं बोलला होता की राधेश्यामने महिन्याभरात गर्डर-सळईचं दुकान टाकलं. तेव्हापासून दोघे भाऊ लग्नात मांडवाच्या दोन टोकांना उभे राहायचे. निरोप असला तर बायकांमार्फत जायचा. रामप्रसादची बायको कांताबाई लेकीच्या बाळंतपणासाठी अंबडला गेली होती, त्यामुळे सध्या सगळे निरोप एकट्या वंदनाकडे होते.

आणि त्याच राधेश्यामच्या एकुलत्या एका लेकीने, पुण्यात आर्किटेक्ट होऊन, पहिलं मोठं काम घेतलं ते लाकडाच्या इमारतीचं.

काम जिल्ह्यातल्याच एका नव्या विद्यापीठाचं होतं. तिथल्या ग्रंथालयाची दोन लाख पुस्तकं जागेअभावी तळघरात पडली होती आणि तळघराला ओल होती. पुस्तकं ठेवायला स्वतंत्र कोठार बांधायचं ठरलं. आकांक्षाने नकाशा काढला. जमीन काळी, पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी, म्हणून वर हलकी इमारत हवी. फळ्यांचे थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या जाडजूड तुळया, तशाच भिंती, तशीच आतली जमीन. लाकूड हवेतली ओल थोडी पितं, थोडी सोडतं, म्हणून पुस्तकांना बरं. ग्रंथपाल आसिफा मॅडमना नकाशा बघताक्षणी आवडला. बांधकामाचे अभियंता मच्छिंद्र साहेब मात्र सभेत म्हणाले, "पुस्तक कागदाचं, कागद लाकडाचा, आणि आता इमारतबी लाकडाची. म्हणजे सरण रचून तयार. फक्त काडी लावायची बाकी."

सगळे हसले. आकांक्षाने प्रयोगशाळेचा दाखला पुढे केला. साहेब म्हणाले, "कागदावर काहीबी जळत न्हाई, मॅडम. मला डोळ्यानं पाहू द्या."

"पाहा मग," आकांक्षा म्हणाली होती. "सारख्या ताकदीचं लाकूड आणि सारख्या ताकदीचं लोखंड घेऊ. वर सारखं वजन, खाली सारखी आग. आधी कोण मान टाकतं ते बघू."

विद्यापीठाच्या आवारात आग लावायला परवानगी मिळेना, म्हणून जागा ठरली हसनाबादची, ठोंबऱ्यांच्या, म्हणजे आकांक्षाच्या घरच्याच, शेतातलं खळं. लाकूड मोठ्या पप्पांच्या, म्हणजे रामप्रसादच्या, वखारीतलं, लोखंड पप्पांच्या दुकानातलं. दोघांकडे निरोप पोचवायचं काम वंदनाने केलं होतं, आणि दोघेही लगेच हो म्हणाले होते. तिथेच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती.

*

रामप्रसाद आदल्या दिवशीपासूनच शेतात मुक्कामाला होता. सोयाबीन निघून गेलेलं, खळं सारवून घेतलेलं, चार बाजूंना विटांचे ओटे रचलेले. पुंजारामनाना बाभळीच्या सावलीत बाजेवर बसले होते. वय ब्याऐंशी, कान एक, तोही मनावर असेल तर.

रामप्रसाद पोत्यांनी झाकलेल्या दोन तुळयांजवळ पहाऱ्यासारखा उभा होता. कारण त्याच्या पोटात एक गोष्ट होती.

तो सागवानाचा माणूस. हात फिरवून लाकडाचं वय सांगणारा. पुतणीने तुळयांसाठी पाइन मागितलं, तेव्हा त्याने नाक मुरडलं होतं. पाइन म्हणजे खोक्याचं लाकूड. सफरचंदं ज्यात येतात ते. वखारीत ते मागच्या बाजूला, पत्र्याखाली पडलेलं असायचं, कुणी पाहुणा आला तर तिकडे नेत नसत. पण पोरगी म्हणाली, "मोठे पप्पा, मला महाग लाकूड नको, सरळ आणि हलकं पाहिजे." बदरोद्दीन मिस्त्रीने आठ दिवस खपून फळ्या रंधल्या, चिकटवल्या, शिकंज्यात दाबल्या. तुळया देखण्या झाल्या, हे रामप्रसादला मान्य करावं लागलं. पण देखणं असणं वेगळं आणि आगीत टिकणं वेगळं. पाइन कसं भडकतं हे त्याने शेकोट्यांमध्ये पाहिलं होतं. कमिटीसमोर पोरगी तोंडावर पडणार, आणि तिकडे तो राधेश्याम मिशीत हसणार.

म्हणून तुळया चार दिवस आधी शेतात आणून त्याने त्या विहिरीजवळच्या हौदात बुडवून ठेवल्या होत्या. ओलं लाकूड पेटत नाही. आज पहाटे बाहेर काढून, धोतराच्या पानाने पुसून, पोत्याखाली ठेवल्या. कुणाला कळायचं कारण नव्हतं.

"मालिक," बदरोद्दीन तंबाखू मळत म्हणाला, "इत्ती धूप में बोरे कायको ढाके?"

"ऊन लागंल म्हणून."

बदरोद्दीनने त्याच्याकडे, मग पोत्यांकडे, मग हौदाकडे बघितलं. चाळीस वर्षं एका वखारीत काम केलेला माणूस जास्त विचारत नाही. तो शेडकडे निघून गेला.

एवढ्यात टेम्पो आला. आकांक्षा, जी तासाभरापूर्वीच येऊन विटांची उंची मोजत होती, धावत पुढे गेली. मागून राधेश्याम उतरला, वंदना उतरली. रामप्रसादने आभाळाकडे बघितलं. राधेश्यामने जमिनीकडे बघितलं.

"वंदना," रामप्रसाद आभाळाला म्हणाला, "त्यांना म्हणावं, गर्डर ठरल्या मापाचाच पाहिजे. दुप्पट जाड आणून पोरीला खाली पाडायचा विचार असंल तर आत्ताच सांगा."

"अहो," वंदना नवऱ्याला म्हणाली, "भाऊजी विचारून राह्यले..."

"ऐकलं मी. त्यांना म्हणावं, मी माप घालून आणलंय."

राधेश्यामने ताडपत्री उचलली आणि चपळाईने वरचे दोन गर्डर ओढले. कामगारांनी ते विटांवर ठेवले. आकांक्षाने खिशातून जाडी मोजायचं व्हर्निअर काढलं, गर्डरच्या पत्र्याला लावलं, वाचलं, परत लावलं. मग उभी राहिली.

"पप्पा, हा मी सांगितलेला गर्डर न्हाई."

"मला माहीतच व्हतं!" रामप्रसादने आभाळ सोडलं आणि दोन पावलं पुढे आला. "मी म्हणत न्हवतो? जाड आणला! सख्ख्या लेकीला..."

"मोठे पप्पा, थांबा. जाड न्हाई. बारीक आणलाय. निम्म्याहून थोडा जास्त, बस."

बाजेवरून नाना म्हणाले, "काय आणलंय?"

"बारीक गर्डर, नाना!" वंदना ओरडून म्हणाली.

"का?"

हाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता. राधेश्याम टेम्पोचं फाळकं नीट करण्यात गुंतला. फाळकं नीटच होतं.

"पप्पा, वर बघा. हा मुद्दाम आणला नं? लवकर वाकावा म्हणून?"

"अगं, गोडाऊनमधी अंधार व्हता..."

"पप्पा."

"बरं," राधेश्याम म्हणाला. "आणला. काय चुकलं? तू सगळ्या कमिटीसमोर उभी राहणार. तो इंजिनिअर आधीच खवट. माझं लोखंड हरलं तर माझं काय बिघडतं? उद्या सकाळी दुकान उघडलंच. तुझं लाकूड हरलं तर तुला परत कोण काम देईल?"

रामप्रसादचं तोंड उघडंच राहिलं होतं. अकरा वर्षं तो ज्या माणसाला लोखंडापायी लाकूड सोडणारा, बापाला सोडणारा म्हणून ओळखत होता, तो माणूस आपलंच लोखंड वाकवायला निघाला होता. त्याला एकदम भरून आलं.

"जाऊ दे गं पोरी," तो म्हणाला, आणि जाऊन चक्क राधेश्यामच्या बाजूला उभा राहिला. "लेकीसाठीच केलं नं त्यानं. बापाचं मन आहे. कुणीबी असंच केलं असतं."

"दादा, तू काय मधी पडून राह्यला?" राधेश्याम चिडून म्हणाला. अकरा वर्षांनंतर त्याने भावाशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य होतं, पण त्या गडबडीत ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. वंदनाच्या आलं.

"म्हणजे तुम्हाला वाटतं, माझं लाकूड हरणार," आकांक्षा वडलांना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "त्या कोठारात उद्या आसिफा मॅडम रोज जाऊन बसतील. पोरं-पोरी कामाला असतील. तिथंबी चोरून बारीक गर्डर बसवायला येणार का तुम्ही? माझी इमारत खरंच पडणार असंल तर ती आज इथंच पडलेली बरी न्हाई का?"

राधेश्याम परत फाळक्याकडे वळला. रामप्रसाद समजूतदार माणसासारखा मान हलवत होता.

"बराबर बोलली," तो म्हणाला. "बेइमानी ती बेइमानीच. मी तर..."

"मोठे पप्पा, पोती काढा बरं. मला लाकडाचा ओलावा बघायचाय."

रामप्रसादची मान हलायची थांबली. "ओलावा कशाला? कोरडंच आहे. मी डोळ्यानं..."

पण आकांक्षाने पोतं दूर केलं आणि दोन टाचण्यांचं छोटं मशीन तुळईत टोचलं. मशीन किंचाळलं. तिने दुसऱ्या तुळईत टोचलं. तेही तसंच किंचाळलं.

"वखारीतून निघाल्या तेव्हा बारा टक्के होतं. आता पस्तीस दाखवतंय. मोठे पप्पा, या पावसात भिजल्या का? पाऊस तर दसऱ्यानंतर पडला न्हाई."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू हौदाकडे वळल्या. हौदाच्या कडेला, ज्या उंचीवर पाणी असायचं तिथे, पाइनचा पिवळसर भुसा तरंगून चिकटला होता.

"दादा!" राधेश्याम ओरडला. "तू लाकूड भिजवलं?"

"तू गर्डर बारीक आणला!"

"ते मी बाप म्हणून आणलं!"

"मंग मी कोण? रस्त्यावरचा?"

"तुला सगळ्यात जास्त लाकडाची माहिती, आन तुलाच भरवसा न्हाई?"

"अरे, सागवान असतं तर मी छातीठोकपणे उभा राह्यलो असतो! ते खोक्याचं लाकूड आहे, राध्या!"

पुंजारामनाना बाजेवर हलायला लागले. वंदनाला वाटलं त्यांना ठसका लागला. ती पाणी घेऊन धावली. नाना हसत होते. हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "दोघांनी मिळून अकरा वर्षांत एक काम केलं. तेबी चोरीचं. आन तेबी एकमेकाला न सांगता."

आकांक्षा विटांच्या ओट्यावर बसली. घड्याळात साडेदहा झाले होते. ओल्या तुळयांवर चाचणी घेणं म्हणजे फसवणूक, आणि न घेणं म्हणजे मच्छिंद्र साहेबांच्या हातात कोलीत. नवीन तुळया करायला आठ दिवस. कमिटी अर्ध्या तासात.

"बेटी," मागून बदरोद्दीनचा आवाज आला. तो शेडच्या दारात उभा होता. "मैं चार तुळया बनाया था. दोन इधर भेजी, दोन मैं कल टेम्पो में चारे के नीचे डालके लाया. सुक्की हैं. देख ले मशीन लगाके."

आकांक्षाने मशीन लावलं. बारा.

"चाचा, चार का बनवल्या?"

बदरोद्दीनने मालकाकडे बघितलं नाही. "चालीस साल से बड़े मालिक को जानता मैं. जिस दिन लकड़ी के वास्ते तुझे हाँ बोले, उसी दिन समझ गया, कुछ तो करेंगेच."

"आणि पप्पा," आकांक्षाने विचारलं, "ठरलेल्या मापाचा गर्डर?"

राधेश्यामने ताडपत्री पूर्ण बाजूला केली. खाली, टेम्पोच्या तळाला, ठरलेल्या मापाचे दोन गर्डर होते. "दोन्ही टाकले व्हते," तो पुटपुटला. "इथं येईपर्यंत ठरलंच न्हाई माझं."

*

कमिटीची जीप आली तेव्हा मच्छिंद्र साहेबांना वाटलं होतं की स्वागत, नारळ, चहा होईल. त्याऐवजी आर्किटेक्ट मॅडम सरळ समोर आल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. बारीक गर्डर कुणी आणला, तुळया कुणी भिजवल्या, कुठल्या बदलल्या. राधेश्याम आणि रामप्रसाद शेजारी शेजारी उभे होते, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "म्हणजे दोन्ही पार्ट्यांनी फितूर होऊन एकाच बाजूला मदत केली?"

"हो, सर."

"आणि तुम्ही हे मला का सांगून राह्यल्या?"

"उद्या इमारतीत काही चुकलं तर तेही सांगणार आहे, म्हणून."

आसिफा मॅडम तोंडावर ओढणीचं टोक धरून हसू दाबत होत्या. "सर, मी बावीस वर्षं ग्रंथालयात आहे. पुस्तकं चोरणारे खूप पाहिले. पण न विचारता कबूल करणारं कुणी पहिल्यांदाच भेटलं."

"मंग आता मी स्वतः निवडतो," साहेब म्हणाले. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. गर्डर मोजला, हातोडीने वाजवला. तुळया मोजल्या, ओलावा बघितला, वास घेतला, आणि पुन्हा मोजल्या. शेवटी वजनाचा प्रश्न आला. वाळूची पोती कमी-जास्त भरतात, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"पाण्याचे ड्रम ठेवा," राधेश्याम म्हणाला. "दोनशे लिटर म्हणजे बराबर दोनशे किलो. वजनकाटा नको."

"उत्तम," साहेब म्हणाले.

"पण मंग," वंदना म्हणाली, "गर्डर वाकल्यावर पाणी आगीवर पडंल नं?"

चार पुरुष एकाच वेळी ड्रम भरायला वळले होते. कुणी ऐकलं नाही. वंदनाने डबे उचलून आठ पावलं मागे नेले.

आग पेटली. हातभर अंतर सोडून दोन्हीकडे सारखी बाभळीची लाकडं, सारखा भुसा. आकांक्षाने मोबाइलवर वेळ लावली. पहिल्या पाच मिनिटांतच तुळयांच्या खालच्या अंगाने पेट घेतला, पिवळ्या जिभा दोन्ही बाजूंनी वर चढल्या. गर्डर मात्र शांत होता.

"पेटलं!" साहेब म्हणाले, आणि वहीत लिहिलं.

रामप्रसादने डोळे मिटले. "सागवान..." तो पुटपुटला.

"गप रे," राधेश्याम म्हणाला.

राधेश्यामचं स्वतःचंच काही ठीक नव्हतं. लेकीने जिंकावं असं त्याला वाटत होतं, त्यासाठी तर त्याने बारीक गर्डर आणले होते. पण आता हे खरे गर्डर होते, त्याच्या दुकानातले, त्याने निवडून घेतलेले. गिऱ्हाइकाला तो शपथेवर सांगायचा, "माझं लोखंड घेऊन जा, नातू म्हणेल आजोबानं काय घेतलं व्हतं." निदान अर्धा तास तरी टिकावं, असं त्याला वाटायला लागलं. निदान पाऊण. लेक जिंकावी, पण थोडक्यात.

बारा मिनिटं झाली. गर्डर काळसर, मग तांबूस दिसायला लागला. तुळयांवर मात्र काळा कोळशाचा थर धरला आणि गंमत म्हणजे ज्वाळा कमी झाल्या. कोळसा पांघरुणासारखा बसला होता.

"बघा सर," आकांक्षा म्हणाली, "बाहेरचा कोळसा आतल्या लाकडाला सांभाळतो. लोखंड बाहेरून तापलं की आतूनही तेवढंच तापतं. त्याला आत लपायला जागाच नसते."

सतराव्या मिनिटाला गर्डर मधोमध किंचित खाली आला. अठराव्याला कुणी हाक मारल्यासारखा आणखी झुकला. एकोणिसाव्या मिनिटाला तो पिळवटला, ड्रम कलला, आणि दोनशे लिटर पाणी दोन्ही आगींवर एकदम कोसळलं.

स्फोट झाल्यासारखी वाफ उठली. मच्छिंद्र साहेब मागे सरकले ते थेट नानांच्या बाजेवर बसले. रामप्रसादच्या धोतरावर राखेचा चिखल उडाला. वाफ ओसरली तेव्हा एका बाजूला गर्डर पिळलेल्या कपड्यासारखा पडला होता, दुसऱ्या बाजूला तुळया जागच्या जागी होत्या, ड्रमसकट, आणि आग दोन्हीकडे विझली होती.

लांब उभ्या वंदनाने फक्त डब्यांवरची राख फुंकली.

"जिंकली!" रामप्रसाद ओरडला.

"कशी जिंकली?" साहेब बाजेवरून उठत म्हणाले. "एकोणीस मिनिटांत आग विझली. तुळया पुढं पडल्या नसत्या कशावरून? लोखंडानं पडता पडता लाकडाला वाचवलं, असं लिहावं लागंल."

"लोखंडानं?" रामप्रसाद भडकला. "म्हणजे आता वाचवण्याचं श्रेयबी लोखंडाला?"

"दादा, सर बराबर बोलून राह्यले," राधेश्याम म्हणाला. त्याला मनातून थोडं बरं वाटलं होतं.

"आत्ता तर तू माझ्या बाजूनं व्हता!"

"सर बरोबर आहेत," आकांक्षा म्हणाली. "परत पेटवू. चाळीस मिनिटं पूर्ण करू."

परत पेटवणं सोपं नव्हतं. लाकडं ओली झाली होती. लाकडाच्या धंद्यात उभं आयुष्य घालवलेला रामप्रसाद, जालन्यात सगळ्यात मोठं गर्डरचं दुकान असलेला राधेश्याम आणि बांधकामाचे अभियंता असे तिघं पालथे पडून फुंकर मारत होते आणि धुराने खोकत होते. शेवटी बदरोद्दीनने रंध्याचा भुगा आणून टाकला.

त्या खोळंब्यात राधेश्याम लेकीजवळ गेला. ती तुळईवरच्या कोळशावर नखाने ठोकून बघत होती.

"अक्कू," तो म्हणाला, "मी रोज टनानं सळई विकतो. ती कुठं लागते, ते घर उभं राहतं का पडतं, कधी डोक्यात न्हाई आलं. तुझी इमारत म्हटल्यावर मात्र चार दिवस घास गोड न्हाई लागला. भरवसा नव्हता असं न्हाई. भ्याव वाटत होतं."

"पप्पा, मलाबी वाटत होतं," आकांक्षा म्हणाली. "अजून वाटून राह्यलं. म्हणून तर मोजत बसते सारखी."

राधेश्याम चकित झाला. लेकीला भीती वाटते हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. "मंग आता काय मोजायचं? दे, मी धरतो टेप."

चाळीस मिनिटं पूर्ण झाली. ड्रम जागचा हलला नाही. साहेबांनी स्वतः घड्याळ बघून "बंद" म्हटलं. बदरोद्दीनने विझवलेली तुळई मधोमध करवतीने कापली. काळा थर बाहेर, जेमतेम इंचभर. आत लाकूड फिकट पिवळं, सकाळी होतं तसं. कापताच राळेचा वास सुटला.

रामप्रसादने काप हातात घेतला. अंगठा फिरवला. मग म्हणाला, "पोरी, उद्यापासून हे लाकूड वखारीत पुढच्या बाजूला ठेवायचं."

आसिफा मॅडमनी तो काप नाकाशी धरला. "सर, माझ्या तळघराला बुरशीचा वास येतो. मी दोन लाख पुस्तकं घेऊन या वासात बसायला तयार आहे."

मच्छिंद्र साहेबांनी बोट लावून पाहिलं. कोमट होतं, बस. त्यांनी वळून गर्डरकडे बघितलं, परत काप बघितला. "वाळवीचं काय करणार?"

"पाया जमिनीपासून दोन फूट उंच. लाकडाला औषध दाबून दिलेलं. दर सहा महिन्यांनी तपासणी. सगळं कागदावर देते."

"द्या. कागदावर चालंल आता," साहेब म्हणाले. "माझी हरकत मागं घेतो. एका अटीवर. सांधे लोखंडाच्या पट्ट्यांचेच पाहिजेत, आणि त्या पट्ट्या लाकडाच्या आत झाकलेल्या."

"तसंच काढलंय, सर. तुळयांत खाच पाडायची, पट्टी आत सरकवायची, वरून लाकूड. लोखंडाला आगीपासून लाकूड सांभाळणार."

दोन्ही भावांनी एकाच वेळी नकाशावर वाकून बघितलं. डोकी आपटली.

जेवण झाल्यावर साहेबांनी अहवालाचा कागद काढला. उपस्थितांची नावं, व्यवसाय, आर्किटेक्टशी नातं, सही. "हितसंबंध उघड पाहिजेत," ते म्हणाले. "सकाळी जे झालं, त्यानंतर तर पाहिजेतच."

नानांनी धंद्याच्या रकान्यात "पूर्वी लाकूड" असं सांगितलं आणि नात्यात "आजा". बदरोद्दीनच्या नात्यापाशी साहेब अडले. आकांक्षा म्हणाली, "चाचा लिहा, सर." बदरोद्दीनने सही करण्याआधी हात दोनदा लुंगीला पुसले. रामप्रसादने "लाकूड, मोठा बाप" असं सांगितलं आणि 'मोठा' हा शब्द साहेबांनी नीट लिहिला का ते वाकून बघितलं. वंदनाने "गृहिणी, आई" सांगितलं आणि कुणी विचारलं नसताना ड्रमचा इशारा आपण किती वाजता दिला होता तेही सांगितलं.

मग राधेश्याम पुढे आला.

"व्यवसाय?"

राधेश्यामने खळ्यात पडलेल्या वाकड्या गर्डरकडे एकदा बघितलं. "लोखंड. लिहा, लोखंडच."

"आर्किटेक्टशी नातं?"

"लाकूडवालीचा बाप."

साहेबांचा पेन थांबला. "असं न्हाई लिहिता येत सरकारी कागदात. 'वडील' एवढंच लिहितो."

"लिहा," राधेश्याम म्हणाला. "पण वाचताना मी सांगितलं तसंच वाचा."